गिझरला प्लास्टिकचा पाइप जोडताना

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हाला वसतिगृहाच्या आठवणी लिहिण्यास सुचविले होते. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु त्या आमच्याहून चांगल्या लेखणीचे सहाध्यायी याच अंकात लिहितील, याची आम्हाला खात्री आहे. आम्ही तिघे दहावीनंतर या शाळेतून बाहेर पडलो आणि आय.टी.आय.मध्ये गेलो. दोघे नळ कारागीर झालो, एक वीजतंत्री. दुसऱ्यांच्या घरांतील पाणी आणि वीज जागच्या जागी ठेवणे हाच गेली कित्येक वर्षे आमचा व्यवसाय आहे. तेव्हा ज्या विषयात आमचा हात चालतो त्याविषयीच लिहावे, असे आम्ही ठरविले. विषय अगदी घरगुती आहे : पाणी तापविण्याचा गिझर आणि त्याला जोडला जाणारा प्लास्टिकचा पाइप.

वसतिगृहात आम्ही पहाटे हौदातले गार पाणी अंगावर घेत असू. गरम पाणी ही आजारी मुलाची सवलत होती आणि ते स्वयंपाकघरातल्या मावशी चुलीवरच्या पातेल्यातून काढून देत. कोणाच्या घरी तांब्याचा बंब असल्याचे कळले, तर ते घर आम्हाला श्रीमंत वाटे. त्या पिढीतील मुले आता स्वतःची घरे बांधू लागली आहेत. कर्ज काढून बांधलेल्या या दोन खोल्यांच्या घरांत टाइल्स लावलेले न्हाणीघर असते आणि त्याच्या भिंतीवर गिझर टांगलेला असतो. बहुतेकांच्या घराण्यातला तो पहिलाच गिझर. तो घरात आला की माजी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी आम्हाला येतात. ते विचारतात, ‘‘कोणता गिझर घेऊ?’’ पाइपाविषयी मात्र कोणी विचारत नाही.

आम्हीही एकदा विचारले नव्हते. आमच्यापैकी एकाच्या बहिणीने नवे घर बांधले, तेव्हा आम्ही तिघेही गृहप्रवेशाला गेलो, जेवलो, न्हाणीघरात डोकावून टाइल्सचे कौतुकही केले. गिझरच्या खालून निघालेला पांढरा पाइप आमच्या डोळ्यांसमोर होता. गार पाण्याच्या कामातून उरलेला तुकडा कारागिराने गरम बाजूलाही वापरला होता. पहिला हिवाळा निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे भाचा आंघोळीला बसलेला असताना गिझरखालचा एल्बो पाइपावरून सुटला आणि टाकीतले तापलेले पाणी त्याच्या डाव्या खांद्यावर आले. वरच्या टाकीतले गार पाणी मागून रेटा देत असल्यामुळे गिझरमधले गरम पाणी बाहेर येतच राहिले. मुलगा आता मोठा झाला आहे. दंडावरचा व्रण तेवढा राहिला आहे. व्यवसाय आमचा आणि नजर आमची असूनही तो पाइप आम्हाला दिसला नाही, ही गोष्ट मनातून जात नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

बंब आणि गिझर यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो आधी ध्यानात घ्यावा लागतो. बंब हे उघडे भांडे आहे. नरसाळ्यातून गार पाणी ओतावे तेव्हा तोटीतून गरम पाणी बाहेर पडते. पाणी कितीही तापले, तरी त्याला फुगायला आणि वाफेला निसटायला वाट असते. गिझर हे बंद भांडे आहे. त्याच्या एका तोंडाने गार पाणी आत येते, दुसऱ्या तोंडाने गरम पाणी बाहेर जाते आणि मध्ये २ किलोवॉटची विजेची कांडी तापत असते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर न्यायला अशा गिझरला साधारण अठरा ते वीस मिनिटे लागतात. या वीस मिनिटांत तीन गोष्टी घडतात : पाणी फुगते, पाइप लांबतो आणि प्लास्टिक मऊ होते. जोडणी सुरक्षित असणे म्हणजे या तिन्ही गोष्टींना जागा ठेवलेली असणे.

आधी प्लास्टिक मऊ होण्याविषयी लिहितो, कारण भाच्याच्या बाबतीत तेच घडले. बाजारात मिळणारे पाइप दिसायला सारखे असले, तरी त्यांची जात वेगवेगळी असते. पांढरा यूपीव्हीसी हा गार पाण्याचा पाइप. त्याचे भारतीय मानक आय.एस. ४९८५. फिकट पिवळसर, सायीच्या रंगाचा असतो तो सीपीव्हीसी. त्याचे मानक आय.एस. १५७७८ आणि ते गरम व गार अशा दोन्ही पाण्यांसाठी आहे. हिरवा, तापवून एकमेकांत वितळवून जोडला जाणारा तो पीपीआर. त्याचे मानक आय.एस. १५८०१. मात्र रंगावर विश्वास ठेवू नये. पाइपाच्या अंगावर मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचावा. तो पुसला गेला असेल किंवा छापलाच नसेल, तर तो पाइप गरम बाजूला घेऊ नये, दुकानदार काहीही सांगो.

पीव्हीसी आणि सीपीव्हीसी ही सख्खी भावंडे आहेत. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. त्यात आणखी क्लोरीन मिसळून ते प्रमाण ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत नेले की सीपीव्हीसी तयार होते. एवढ्या फरकाने उष्णता सोसण्याची शक्ती बदलते. पांढरा पाइप ८० अंशांच्या आसपास रबरासारखा लवचीक होऊ लागतो. परंतु त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी गळू लागते. ४३ अंशांच्या पाण्यात ती निम्म्यावर येते आणि ६० अंशांना सुमारे पंचमांश उरते. ६०च्या पुढे तो वापरायचाच नसतो. आणि गिझर तर ६० ते ७५ अंशांचे पाणी रोज देतो!

सीपीव्हीसीची मर्यादा सुमारे ९३ अंशांची आहे. पण तोही उष्णतेने दुबळा होतो, हे विसरून चालणार नाही. घरात नेहमी वापरला जाणारा एस.डी.आर. ११ या वर्गाचा पाइप २३ अंशांना सुमारे २७.५ बार दाब सोसतो, ६० अंशांना त्याच्या निम्मा आणि ८२ अंशांना केवळ ७ बारच्या आसपास, म्हणजे मूळ ताकदीच्या चौथाई. पाइपावर छापलेला दाबाचा आकडा पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी तो आकडा कोणत्या तापमानाचा आहे, हे आधी पाहावे. सीपीव्हीसीचा एस.डी.आर. १३.५ हा पातळ भिंतीचा वर्गही दुकानात थोडा स्वस्त मिळतो. गिझरच्या गरम बाजूला आम्ही तो वापरत नाही.

यावर कारागीर मंडळी एक प्रश्न हमखास करतात. ‘‘साहेब, टाकी तर इथे डोक्यावरच आहे. प्रेशर आहे कुठे?’’ प्रश्न रास्त आहे. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. बैठ्या घरात गिझर आणि गच्चीवरची टाकी यांत चार मीटरचे अंतर धरले, तर दाब अर्ध्या बारहून कमी भरतो. भाच्याच्या घरीही तेवढाच होता. तरी जोड सुटला. कारण मऊ झालेल्या पाइपाला सुटण्यासाठी मोठा दाब लागत नाही. वरच्या एल्बोचे वजन, भिंतीतल्या पाइपाची ओढ आणि रोजचे तापणे-निवणे पुरेसे असते. शिवाय अनेक जण पुढे शॉवरसाठी प्रेशर पंप बसवितात आणि बहुमजली इमारतीत खालच्या मजल्यावर तीन-चार बार सहज मिळतात. घर तेच राहते, पाइप तोच राहतो, दाब मात्र वाढलेला असतो.

आणखी एक चूक जाणत्या कारागिरांकडूनही होते. गरम बाजूला सीपीव्हीसी घेतात आणि गार बाजूला, ‘‘तिथून तर गारच पाणी येते’’ म्हणून, पांढरा पाइप थेट गिझरच्या तोंडापर्यंत नेतात. परंतु गार तोंड गिझरच्या त्याच तापलेल्या टाकीला जोडलेले असते. धातूतून उष्णता खाली उतरते. वरची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मोरीतला नळ उघडा राहिला, तर गिझरमधले गरम पाणी उलट्या दिशेने त्याच गार नळीतून उतरू लागते. म्हणून गिझरजवळचे निदान एक-दोन मीटर तरी गार बाजूलाही गरम पाण्याचाच पाइप असावा. खर्चातला फरक एका वेळच्या भाजीएवढा असतो.

आता प्रत्यक्ष जोडाकडे वळतो. गिझरच्या दोन्ही तोंडांना अर्ध्या इंचाचे आटे असतात. गार तोंडाला निळी आणि गरम तोंडाला लाल खूण असते. या आट्यांवर प्लास्टिकची सॉकेट चढवू नये, हा आमचा पहिला नियम. धातूच्या बाहेरच्या आट्यांवर प्लास्टिकचे आतले आटे आवळले की सॉकेटच्या भिंतीवर ताण येतो. पान्ह्याचा एक फेरा जास्त झाला, तर त्या दिवशी काही दिसत नाही. सहा महिन्यांनी तिला केसासारखी चीर पडते. त्यासाठी पितळेचे आटे आत बसविलेले जोड मिळतात. कारागीर त्यांना ब्रास एम.टी.ए. आणि ब्रास एफ.टी.ए. म्हणतात. तेच वापरावेत.

आम्ही याच्या एक पाऊल पुढे जातो आणि गिझरच्या तोंडापासून काही अंतर धातूच ठेवतो. अमेरिकेतील युनिफॉर्म प्लंबिंग कोड पेक्स नावाच्या लवचीक प्लास्टिक पाइपासाठी गिझरपासूनचे पहिले १८ इंच वर्ज्य मानतो. १८ इंच म्हणजे आपल्याकडचा एक हात. विजेच्या गिझरला सीपीव्हीसी योग्य पितळी जोडाने जवळ आणता येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही थर्मोस्टॅट बिघडलाच, तर सर्वांत तापलेले पाणी याच हातभर अंतरात पहिल्यांदा येते. तो मार पितळेने किंवा स्टेनलेस स्टीलने सोसावा, असे आमचे मत आहे. त्यासाठी पितळी निपल घ्यावी किंवा गरम पाण्यासाठी बनविलेली, स्टीलच्या जाळीची लवचीक कनेक्शन नळी घ्यावी. तिच्यामुळे गिझरचे वजन आणि भिंतीची ओढ पाइपावर येत नाही आणि पुढे गिझर काढायचा झाला तर पाइप कापावा लागत नाही. मात्र ती नळी गार पाण्याच्या वॉश बेसिनची उचलून आणू नये. जी.आय.ची निपल आम्ही टाळतो. तांब्याच्या किंवा स्टीलच्या टाकीला चिकटलेले लोखंड लवकर गंजते आणि गंजलेली निपल काढताना टाकीचे आटेच उखडून हातात येतात.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी, आटे आवळण्याच्या दिशेने. जी.आय.च्या जमान्यातील सफेदा आणि सुताचा धागा आता बाजूला ठेवावा. सफेद्यातील तेल सीपीव्हीसीला मानवत नाही. काही तेलांच्या सहवासात हे प्लास्टिक ताणाखाली तडकते. आमचे जुने उस्ताद सफेद्याशिवाय पाइपाला हात लावीत नसत आणि लोखंडासाठी ते बरोबरही होते. वस्तू बदलली, की तिची रीतही बदलावी लागते.

सीपीव्हीसी आपसात जोडला जातो तो सोल्युशनने. हे सोल्युशन डिंकासारखे दोन पृष्ठभागांना नुसते चिकटवीत नाही; ते दोन्हीकडचे प्लास्टिक विरघळविते आणि ते एकजीव होऊन पुन्हा घट्ट होते. म्हणूनच पांढऱ्या पाइपाचे सोल्युशन इथे चालत नाही. सीपीव्हीसीचे वेगळे मिळते. पाइप काटकोनात कापावा, आतली-बाहेरची कूस घासून काढावी आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. सोल्युशन लावण्याआधी सॉकेटमध्ये कोरडाच घालून पाहावा. तो सॉकेटच्या अर्ध्यापर्यंत जाऊन अडला, तर मेळ बरोबर आहे. तळापर्यंत सैल गेला, तर तो जोड पुढे कधी ना कधी सुटणार. मग दोन्हीकडे सारखा थर लावून पाइप पाव फेरा फिरवीत तळापर्यंत दाबावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. हे अर्धे मिनिट अनेकांना भारी वाटते. हात सोडला की पाइप तसूभर मागे सरकतो आणि सर्वांत बळकट असायला हवा असा जोड सर्वांत दुबळा होतो. त्यानंतर गरम पाणी सोडण्यापूर्वी आम्ही पूर्ण एक दिवस जाऊ देतो. घरमालकाला घाई असते, पाहुणे यायचे असतात; तरीही.

पाइप लांबण्याची गोष्ट तुलनेने सोपी आहे, पण दृष्टीआड राहते. ३ मीटर लांबीचा सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला, तर सुमारे साडेसात मिलिमीटरने लांबतो. तांबे तेवढ्यात दोन मिलिमीटर वाढते आणि लोखंड त्याहूनही कमी. भिंतीच्या खाचेत सिमेंटने गच्च लिंपलेला सरळ पाइप कोठे जाणार? तो आपला जोर एल्बोवर काढतो. म्हणून लांब सरळ अंतरात एखादे वळण मुद्दाम द्यावे, खाचेत पाइपाभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी आणि क्लॅम्प असे बसवावेत की पाइप त्यातून सरकू शकेल.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पाणी फुगते, त्याला आवरता येत नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेले की सुमारे २०० मिलिलिटरने, म्हणजे एका पेल्याने, वाढते. २५ लिटरच्या गिझरमध्ये ७५ अंशांपर्यंत तापविल्यास ही वाढ अर्ध्या लिटरहून अधिक भरते. हा पेलाभर जादा पाण्याचा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु पाणी दाबून लहान होत नाही. बंद, भरलेल्या टाकीत ते मावणार नसेल, तर काही अंशांच्या तापण्यातच दाब कित्येक बारने चढतो.

बैठ्या घरात बहुधा काही घडत नाही, कारण फुगलेले पाणी गार नळीतून मागे गच्चीवरच्या टाकीकडे सरकते. म्हणजे गार नळी हीच तिथली सुटकेची वाट असते. या वाटेवर कोणी कॉक बसविला आणि तो बंद ठेवून गिझर चालू केला किंवा गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसविला, की ती वाट बंद होते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वाईट नाही. टाकी रिकामी झाली असता गिझर कोरडा पडून कांडी जळू नये, यासाठी तो उपयोगीच आहे. पण तो एकटा बसवायचा नसतो. त्याच्याबरोबर जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. आता बऱ्याच गिझरबरोबर ही दोन्ही कामे करणारा एकच पितळी व्हॉल्व्ह येतो आणि तो गार तोंडाला लावायचा असतो. खोक्यातल्या थर्माकोलच्या खोबणीत तो राहून गेलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे; कारागिराला तो ‘जास्तीचा सुटा भाग’ वाटतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्ये कसलाही कॉक येता कामा नये. व्हॉल्व्हच्या तोंडाला लावलेली नळी उताराने मोरीपर्यंत न्यावी आणि तिचे टोक उघडे, डोळ्यांना दिसेल असे ठेवावे.

पाणी तापताना हा व्हॉल्व्ह थेंब थेंब टपकतो. तो बिघडला म्हणून नव्हे. टपकणे हेच त्याचे काम आहे. एका घरी आम्हाला त्याच्या तोंडात एमसील भरलेले आढळले. फरशी ओली होते म्हणून घरधन्याने स्वतःच्या हाताने ते भरले होते आणि वर्षभर रोज सकाळी त्या गिझरखाली घरातली चार माणसे आंघोळ करीत होती. थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआऊट शाबूत होते, एवढ्यावर ते घर उभे होते. ही दोन्ही साधने निकामी झाली, तर काय होते? ८ बार दाबाखाली पाणी १७५ अंशांपर्यंत उकळत नाही. ते पाणीच राहते. अशी टाकी फाटली, की दाब एकाएकी नाहीसा होतो आणि त्या पाण्यातील काही भागाची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. न्हाणीघराची भिंत हा जोर थोपवू शकत नाही. सीपीव्हीसीचे सारे गणित तर ९३ अंशांपाशीच संपलेले असते. पाइप चांगला घेतला म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह नसला तरी चालेल, असे कोणी समजू नये.

आमच्यातल्या वीजतंत्र्याचे म्हणणे निराळे आहे आणि त्याला इथे जागा देणे भाग आहे. पूर्वी नळाचे पाइप लोखंडी होते. गिझरच्या अंगात वीज उतरली, तर ती त्या पाइपांवाटे जमिनीत जाई. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी कित्येकदा निभावून जाई. प्लास्टिकचा पाइप आला आणि ती आडवाट बंद झाली. आता अर्थिंग नसेल, तर टाकीत उतरलेली वीज पाण्यात आणि धातूच्या नळात वाट पाहत राहते आणि ओल्या अंगाचा माणूस नळाला हात लावतो, तेव्हा तिला जमीन सापडते. पाइप प्लास्टिकचा, म्हणजे शॉक लागणार नाही, ही समजूत अगदी उलटी आहे. जुन्या घरातील जी.आय. काढून सीपीव्हीसी टाकला जातो तेव्हा नळ कारागीर आपले काम करून निघून जातो आणि अर्थिंग पाहायला कोणीच येत नाही. म्हणून गिझरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र, तीन पिनांचा सॉकेट, तपासून घेतलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. ही तिन्ही हवीतच. आर.सी.सी.बी.वरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो खाली पडला पाहिजे.

गॅसच्या गिझरविषयी दोनच गोष्टी. त्याच्या धुराच्या नळकांड्याजवळ, निदान वीतभर अंतरात, कोणताही प्लास्टिकचा पाइप नसावा. आणि असा गिझर बंद न्हाणीघरात लावूच नये. जळणाऱ्या गॅसमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि त्यापुढे पाइपाची चर्चा गौण ठरते. सौर बंब असेल, तर त्याच्या नळ्यांलगतचे पाइप धातूचेच ठेवावेत. घर दोन दिवस बंद असले की उन्हात ते पाणी उकळीपर्यंत जाते. गच्चीवरचा सीपीव्हीसी रंगवून किंवा वेष्टनात ठेवावा, नाहीतर उन्हाने तो ठिसूळ होतो.

गिझर पहिल्यांदा चालू करण्याची रीत ठरलेली आहे. आधी गार पाणी सोडावे आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा. त्यातून हवेच्या फुसकाऱ्या येत राहतील. त्या थांबून अखंड धार लागली, म्हणजे टाकी भरली. तोवर बटणाला हात लावू नये. मग नळ बंद करून प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवावा. हाताला न जाणवणारी ओल कागदाला कळते. त्यानंतर वीज सुरू करावी, पाणी पूर्ण तापू द्यावे, नळ सोडावा आणि सारे जोड पुन्हा एकदा कागदाने तपासावेत. गारव्यात कोरडा राहिलेला जोड तापल्यावर पाझरू शकतो. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर थर्मोस्टॅट खालच्या खुणेवर ठेवावा. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाला तेवढाही वेळ लागत नाही. दुर्दैवाने भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. तूप, शाई, टूथपेस्ट यांतले काही लावू नये आणि दवाखाना गाठावा.

बहिणीच्या घरची जोडणी आम्ही तिघांनी मिळून नव्याने केली. पितळी निपल, जाळीची नळी, पुढे सीपीव्हीसी, गार तोंडाला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्याची नळी मोरीपर्यंत. आठवडाभराने तिचा दूरध्वनी आला.

‘‘दादा, त्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकतंय. बंद करून घेऊ का कोणाकडून?’’

‘‘नको गं. गिझर बंद केल्यावर थांबतं का?’’

‘‘हो, थोड्या वेळानं थांबतं.’’

‘‘मग टपकू दे. गिझर बंद असतानाही वाहत राहिलं, तर मला कळव.’’

वर्षातून एकदा आम्ही तिच्या घरी जातो, तेव्हा त्या व्हॉल्व्हची कळ उचलून पाहतो. क्षारांच्या पाण्याने तो आतून अडकतो आणि अडकलेला व्हॉल्व्ह बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो.